ऑर्डवे आणि ब्रेमनर यांची जोडी

ओमारू, ६ जुलै १८८६

प्रिय मामा,

विलच्या दफनाला तुम्ही येऊ शकला नाहीत, याचा राग नाही. समुद्र खवळलेला होता आणि वेलिंग्टनला तुमचं अधिवेशन चालू होतं. पण आज जे लिहितेय त्याला 'अधिवेशन चालू आहे' हे उत्तर चालणार नाही.

काल मृत्युपत्र वाचलं. घर मला, दगडाच्या खाणीतला वाटा मला. आणि आमच्या मोरागचं पालकत्व विलच्या भावाला, आर्ची भावोजींना. मी वकिलाला म्हटलं, "पुन्हा वाचा." त्यानं पुन्हा वाचलं. मी म्हटलं, "आणि मी?" तो म्हणाला, "तुम्ही आई आहात." एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसं म्हणाला. कायद्यात त्या शब्दाला काही वजन नाही म्हणे. विलनं वाईट हेतूनं केलं नाही. त्याच्या वडिलांनी असंच लिहिलं होतं, म्हणून यानंही लिहिलं. माणसं दार बसवतानासुद्धा याहून जास्त विचार करतात.

भावोजींनी ठरवलंय की मोराग स्कॉटलंडात, डंडीला, आजीकडे वाढेल. सप्टेंबरच्या मध्याला पोर्ट चामर्सहून बोट आहे. खलाशांना खोल्या भाड्यानं देणारी आणि दारूबंदीच्या सभांतून व्यासपीठावर ओरडणारी विधवा सहा वर्षांच्या पोरीला काय वळण लावणार, असं त्यांनी माझ्याच टेबलावर, माझीच लापशी खात सांगितलं.

आईलाही पालकत्वाचा हक्क द्यावा, आणि वाद झाला तर न्यायाधीशाकडे दाद मागता यावी, असं विधेयक खालच्या सभागृहात मागच्या आठवड्यात मंजूर झालं. आता ते तुमच्या वरच्या सभागृहात आलंय. मामा, तुम्हा लोकांना कुणी निवडून दिलेलं नाही. गव्हर्नरानं नेमलं आणि मरेपर्यंत बसा म्हणून सांगितलं. तुमचं सभागृह म्हणजे लोकांनी भरलेल्या बादलीला पाडलेलं भोक आहे, असं मी जाहीर सभेत बोललेय आणि तो शब्द मागे घेणार नाही. पण त्या भोकाशी माझा मामा बसलाय. या एका वेळेला त्यानं तिथं बोट लावून धरावं.

तुमची,
एफी

•

वेलिंग्टन, १३ जुलै

प्रिय एफी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा बादलीपाशी हसू आलं. तुझी आई अशीच होती. भांडायला आली की आधी शिव्या आणि मग काम.

तू आमच्याबद्दल म्हणतेस ते सगळंच खोटं नाही. आमच्या दालनात शेकोटी चांगली पेटते आणि खुर्च्या त्याहून चांगल्या आहेत. या दोन गोष्टींनी जेवढी विधेयकं मारली तेवढी भाषणांनी मारली नसतील. पण इथे सगळेच पेंगणारे नाहीत. या विधेयकावर लोक खरंच विचार करताहेत. मोजणी मात्र अगदी काठावर आहे, हे लपवत नाही.

मी त्याच्या बाजूनं बोलेन. मन लावून बोलेन. बाकी काही मनात आणू नकोस. आर्चीशी वाद घालू नकोस, आणि कृपा करून महिनाभर व्यासपीठावर चढू नकोस. तुझं नाव पेपरात आलं की आमच्यातले काठावरचे दोघंतिघं पलीकडे उड्या मारतील.

मोरागला माझा पापा.

लॅकलन मामा

•

ओमारू, ३० जुलै

मामा,

दुसरं वाचन तीन मतांनी पार पडल्याचं वाचलं. तुमचं भाषण दीड रकाना छापलंय. मी ते खाणावळीत सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. एक नॉर्वेचा खलाशी, त्याला निम्मं कळलं नसेल, तोसुद्धा टाळ्या वाजवत होता. मग मी खाली मतांची नावं वाचायला लागले. बाजूनं कोण, विरुद्ध कोण. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. तुमचं नाव कुठेच नाही.

स्वयंपाकीणबाई म्हणाली, "छापताना राहिलं असेल हो." मी म्हटलं, "राहिलंच असेल." मग वर खोलीत जाऊन तुमचं मागचं पत्र काढलं. 'बोलेन' असं लिहिलंय तुम्ही. 'मत देईन' असं कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्यासारखा माणूस चुकून असं लिहीत नाही.

कुठे होतात तुम्ही? भाषण करून चहा प्यायला गेलात?

पेपरवाला लिहितो, विरोधकांपैकी तिघं तापानं अंथरुणात होते म्हणून विधेयक वाचलं. तिसऱ्या, शेवटच्या वाचनाला ते उठून येतील. इकडे भावोजी काल शिंप्याला घेऊन आले. प्रवासाच्या कोटासाठी मोरागची मापं घेतली. तिनं विचारलं, "आईचं माप कधी घेणार?" शिंप्यानं फीत गुंडाळली. मी त्याला मुकाट दार उघडून दिलं. मी, जिला गप्प बस म्हणून लोक पैसे द्यायला तयार असतात!

खरं काय ते लिहा. गोड लिहू नका.

एफी

•

वेलिंग्टन, ५ ऑगस्ट

प्रिय एफी,

खरं लिहितो.

आमच्याकडे 'जोडी' नावाची एक रीत आहे. विरुद्ध बाजूंच्या दोन सभासदांपैकी एकाला आजारपणानं किंवा घरच्या अडचणीनं जावं लागलं, तर दुसरा त्याला शब्द देतो: तू परत येईपर्यंत मीही मत देणार नाही. म्हणजे दोन्ही पारडी सारखी राहतात. कागद नाही, साक्षीदार नाही. जाता जाता हातात हात द्यायचा, एवढंच. मी या सभागृहात बसतो आहे तेव्हापासून ती कुणी मोडलेली नाही. बोलायला बंदी नसते, म्हणून बोललो. मतदानाची घंटा वाजली आणि बाहेर येऊन उभा राहिलो.

माझी जोडी टॉमस ऑर्डवेशी आहे. तुमच्याच खोऱ्यातला, वायटाकी नदीच्या वरच्या अंगाचा मेंढपाळ जमीनदार. तू त्याला सभांतून काय काय म्हटलंयस ते मला ठाऊक आहे. जूनमध्ये खोकताना त्याच्या रुमालावर रक्त आलं. तो घरी निघाला तेव्हा मी हात दिला. विल तेव्हा जिवंत होता, आणि हे विधेयक कुणाच्या गावीही नव्हतं.

आता दुसरी गोष्ट, जी तुला कधी सांगितली नाही. तुझी ग्रेस मामी शेवटच्या आजारात होती तेव्हा मी महिनाभर डनेडिनला होतो. ऑर्डवे माझी जोडी होता. त्या महिन्यात त्यानं स्वतः मांडलेलं, चार वर्षं झटून तयार केलेलं विधेयक एका मतानं पडलं. ते मत त्याचंच होतं. तो बाहेर उभा होता. मला त्यानं एका अक्षरानं सांगितलं नाही, दुसऱ्याकडून कळलं.

तिसरं वाचन सव्वीस ऑगस्टला आहे. तापवाले उठले की अठरा विरुद्ध अठरा. बरोबरी झाली की सभापती आहे ते तसंच राहू देण्याच्या बाजूनं मत देतात; तोही इथला रिवाज. म्हणजे सगळं माझ्या एका मतावर येऊन थांबलंय. हे मला तुझ्या पहिल्या पत्राच्या दिवशीच कळलं होतं.

जोडी सुटायला दोन वाटा आहेत. ऑर्डवेनं मला मोकळं करावं. तर तो या विधेयकाचा हाडाचा विरोधक आहे. किंवा मी त्याला वेळेवर कळवावं की मी मत देणार, तू स्वतः ये. मी कळवलं तर तो येईल. मी त्याला ओळखतो. डॉक्टरनं त्याला अंगणात जायचीसुद्धा बंदी केलीय आणि हा समुद्रावर निघेल. आला तर त्याचं मत माझं मत खाऊन टाकणार, पुन्हा बरोबरी. मग कळवण्याचा उपयोग कधी? तो पोचू शकला नाही तर. आज सकाळी लेखणी उचलली आणि ध्यानात आलं, मी एका मित्राची छाती फुटावी म्हणून प्रार्थना करतोय. लेखणी खाली ठेवली.

तू त्याच्याकडे जाऊ नकोस. एवढं माझं ऐक.

मामा

•

ओमारू, १२ ऑगस्ट

मामा,

गेले होते.

तुमचं पत्र वाचून मी घरभर फिरले आणि भिंतींना भाषण दिलं. म्हटलं, दोन सद्गृहस्थांनी एकमेकांना हात दिला, आणि त्या दोन तळव्यांच्या मधे माझी पोर चिरडली जातेय! तुमच्या इभ्रतीच्या बाजारात पुरुषाची पुरुषाशी जोडी लागते. आईची जोडी कुणाशी? तिच्या वतीनं बाहेर कोण उभं राहतं? मग शेजारच्या पिठाच्या गाडीत बसून खोऱ्यात गेले.

मिस ऑर्डवेंनी दार उघडलं. बहीण आहे त्यांची, घर तीच बघते. मला बघून म्हणाली, "तू ती बोलणारी ना? आत ये, पण भाऊ आजारी आहे. हळू बोलशील?" मी म्हटलं, "प्रयत्न करीन."

ते शेकोटीपाशी शालीत बसले होते. राक्षस म्हणून ज्याचं चित्र मी लोकांपुढे उभं केलं, तो माणूस बशीतून चहा पीत होता.

"मॅडम," ते म्हणाले, "मागच्या वर्षी टाउन हॉलमध्ये तुम्ही मला जळू म्हणालात."

"गोचीड म्हणाले होते."

"बरं. मेंढ्यांच्या माणसाला गोचीडच शोभते. बोला."

मी बोलले. शेवटी मी म्हटलं, "साहेब, तुमच्याच माळावरचा नियम आहे. कानावर खूण नसलेलं कोकरू कुणाचं, याचा वाद झाला तर ते सोडून देतात आणि ज्या मेंढीमागे जाईल तिचं धरतात. मुक्या जनावराला जो न्याय तो माझ्या मुलीला का नाही?"

हे वाक्य मी वाटेत तीनदा घोकलं होतं. ते हसले, मग खोकले, मग म्हणाले, "कोकरू मेंढीमागे जातं, हे खरं. पण मेंढी मालकाची असते, बाई. म्हणून तो न्याय लागू पडतो."

मी हातमोजे काढून पुन्हा घातले.

मग त्यांनी विचारलं, "ब्रेमनरनं, तुमच्या मामानं, पाठवलं तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही. त्यांनी येऊ नको म्हणून लिहिलं." त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "तो मला विचारत का नाही? दोन महिने झाले, इथल्या हवेची चौकशी करणारी पत्रं पाठवतोय. मी नाहीच म्हणेन, पण विचारावं तरी! मला काय काचेचा समजतो?" मिस ऑर्डवे म्हणाली, "काचेचाच आहेस." ते ओरडले, "तू गप!" आणि पुन्हा खोकले.

म्हणजे तुम्ही सभ्यपणापायी विचारत नाही, आणि ते अभिमानापायी सांगत नाहीत. आणि या सगळ्या सौजन्याचं बिल मोराग भरणार.

विचारा, मामा. नाही म्हणाले तर कळवा की तुम्ही मत देणार. मी काय मागतेय ते मला कळतंय. तरी मागतेय.

एफी

•

वेलिंग्टन, १७ ऑगस्ट

प्रिय एफी,

लिहिलं. मोकळं कर म्हणून विचारलं, आणि खाली लिहिलं की तू नाही म्हणालास तरी सव्वीस तारखेला मी मत देणार आहे. पत्र टाकलं आणि पोस्टाच्या पायरीवर उभा राहिलो. परत मागून घ्यावं असं वाटलं.

आज तार आली. 'मोकळं करत नाही. सव्वीसला हजर राहीन. ऑर्डवे.'

एफी, त्याला थांबवता आलं तर थांबव. थांबव असं म्हणण्याचा मला हक्क नाही. तो थांबला तर काय होईल ते तुलाही दिसतंय आणि मलाही. म्हणून आता मी काय मागतोय तेच मला कळेनासं झालंय.

मामा

•

ओमारू, २२ ऑगस्ट

मामा,

आज दुपारच्या बोटीनं ते निघाले. मी धक्क्यावर गेले होते. वाऱ्यानं टोप्या उडत होत्या. त्यांना खुर्चीसकट चौघांनी उचललं तेव्हा त्यांनी हातातली काठी हमालाच्या पाठीत मारली, "पोतं नाही मी!" म्हणाले.

मिस ऑर्डवे माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "तुला हेच हवं होतं ना?"

मी धावत बोटीवर चढायच्या फळीपाशी गेले. म्हटलं, "साहेब, जाऊ नका." खरंच म्हटलं, मामा. मनापासून.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ठीक. मग तुमच्या मामाला तार करू? जोडी पाळ, मत देऊ नकोस म्हणून?"

बोटीचा भोंगा वाजला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. 'करा' म्हणता येईना, आणि 'नको' म्हणायला जीभ उचलेना.

"वाटलंच," ते म्हणाले. रागानं नाही. "चला रे, उचला."

भावोजींनी तिकिटं काढली आहेत. मला दाखवून गेले. एक मोठं, एक अर्धं.

एफी

•

वेलिंग्टन, २७ ऑगस्ट

प्रिय एफी,

तार मिळाली असेल. विधेयक मंजूर झालं. एकोणीस विरुद्ध अठरा. आता कसं झालं ते सांगतो. तारेत मावण्यासारखं नव्हतं.

बोट लिटल्टन बंदरात वाऱ्यानं अडकली आणि काल संध्याकाळी इथे आली. तोवर भाषणं संपत आली होती. मी दालनात बसलो होतो, पण माझे कान बाहेर होते. मतदानाची घंटा वाजायला लागली. घंटा थांबली की दारं बंद होतात. मग बाहेरचा बाहेर आणि आतला आत. तेवढ्यात शिपायानं येऊन कानात सांगितलं, "ऑर्डवेसाहेब आलेत. चालत येताहेत."

मी उठून बाहेर गेलो. एफी, मला आत बसून राहता आलं असतं. कुणी नाव ठेवलं नसतं. पण गेलो.

तो लांबलचक व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला होता, भिंतीला हात लावत. खुर्ची त्यानं पायरीशीच नाकारली होती. मी जाऊन त्याला हात दिला. म्हणालो, "चल." आम्ही चालायला लागलो. घंटा वाजत होती. तुझ्या मुलीविरुद्धचं मत मी माझ्याच हातानं आत नेत होतो, आणि मला दुसरं काही करता येत नव्हतं.

दाराच्या थोडं अलीकडे एक बाक आहे. तिथे तो थांबला.

"ब्रेमनर, मी आलोय की नाही?"

"आलायस."

"या इमारतीत आलोय?"

"हो रे बाबा, चल, घंटा थांबेल."

"मग जोडी संपली. मी येईपर्यंतचा शब्द होता. आलो." आणि तो बाकावर बसला. "मला दम लागलाय. तू हो पुढे."

"टॉमस, दार बंद होईल."

"तुला ऐकू येत नाही का? दम लागलाय म्हणतोय ना! जा."

शिपायानं दार ओढायला घेतलं होतं. मी आत शिरलो. माझ्यामागे दार लागलं.

बाहेर आलो तेव्हा तो तसाच बसला होता, ओठ निळे पडलेले. "किती?" म्हणाला. मी सांगितलं. म्हणाला, "मूर्खपणाचा कायदा आहे."

त्याला खरंच दम लागला होता का, मला माहीत नाही. लागला होता हे डोळ्यांनी दिसत होतं. आणखी तेवढी पावलं त्याला टाकता आली नसती का, ते त्यालाच ठाऊक. काही सभासद माझ्याशी बोलत नाहीत; आजारी माणसाला मी समुद्रावर ओढलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे काही नाही.

तो आता माझ्या बिऱ्हाडात, माझ्या पलंगावर आहे. सूप पातळ आहे म्हणून शिव्या घालतोय. डॉक्टर मान हलवून जातो.

मामा

•

ओमारू, १० सप्टेंबर

श्री. ऑर्डवे यांस, मामांच्या पत्त्यावर,

गव्हर्नरांची सही झाली. माझ्या वकिलानं त्याच दिवशी अर्ज केला. न्यायाधीश सोमवारी ऐकणार आहेत. बोट बुधवारची आहे. भावोजींनी सामान बांधून ठेवलंय. ते म्हणतात, न्यायाधीश स्कॉटलंडचेच आहेत. मला जेवण जात नाही. मोराग मला घास भरवते.

मला एकच विचारायचंय. तुम्ही बाकावर बसलात, की तुम्हाला बसावं लागलं? मी हजारो लोकांपुढे तुम्हाला गोचीड म्हटलंय. जर तुम्ही बसला असाल, तर त्याच लोकांपुढे उभं राहून मला ते सांगायचंय. मला ते सांगू द्या.

एफी गोर्ली

•

वेलिंग्टन, १६ सप्टेंबर

श्रीमती गोर्ली यांस,

तुमच्या मामांच्या हातून लिहवतोय, म्हणून अक्षर वाईट आहे.

मी विधेयकाच्या विरुद्ध होतो आणि आहे. घरात दोन मालक झाले की भिंतीसुद्धा कोर्टात जातील. मला दम लागला. जे झालं ते एवढंच आहे, आणि तुम्ही कुठल्याही व्यासपीठावरून याहून जास्त सांगितलंत तर मी पेपरात खुलासा देईन. मला गोचीडच राहू द्या. त्या नावाची सवय झालीय.

डॉक्टर म्हणतो, मी पुन्हा सभागृहात बसणार नाही. माझ्या जागी गव्हर्नर कुणा तरुणाला नेमतील, आणि तो नक्की तुमच्यासारखाच बडबड्या असेल. माझ्या बहिणीला सांगा, मी जेवतो.

काल बोट सुटायची होती. ब्रेमनर म्हणतो, मुलगी तुमच्याकडेच राहिली असणार. पण हल्ली तो माझ्याशी फार गोड बोलतो, म्हणून त्याच्यावर विश्वास नाही. मुलगी आहे का तुमच्याजवळ? भाषण नको. आहे किंवा नाही.

टॉ. ऑर्डवे

•

ओमारू, २० सप्टेंबर

श्री. ऑर्डवे,

आहे.

न्यायाधीशांनी तिला नोव्हेंबरपर्यंत माझ्याजवळ ठेवलंय; तेव्हा पूर्ण सुनावणी आहे, आणि काय होईल ते मला माहीत नाही. आत्ता ती टेबलाखाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या सोडतेय, आणि मी तिला सोडू देतेय.

एफी गोर्ली